आक्कांची हजेरी

माझ्या आणि आक्कांच्या वर्गामध्ये भिंत नव्हती, फळ्यांचा आडोसा होता, आणि त्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या. त्यामुळे रोज अकरा वाजता मी माझ्या पोरांची हजेरी घेत असताना पलीकडची हजेरीही मला ऐकावीच लागे.

"गणपा बाळू."

"म्हशी धुतल्या, आक्का."

"खाल्लंस काय?"

"शिळी भाकरी आन् चटणी."

"बस. हौसा मारुती."

"शेण्या थापल्या. धा."

"धाच? काल बारा हुत्या की. बस. तुका ईश्वरा."

"बारकीला झोपीवली, मग आलो."

माझ्या वर्गातली पोरं सरळ 'हजर' म्हणत. आक्कांच्या वर्गात तो शब्दच नव्हता. नाव पुकारलं की त्या दिवशी सकाळपासून काय काम केलं ते सांगायचं आणि खाली बसायचं. मी नवा होतो, ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, बावीस वर्षांचा. पहिले आठ दिवस मी फळ्यांच्या अलीकडे तोंडावर उपरणं धरून हसलो. पुढे सवय झाली. आणि नंतर नंतर तर शेण्या किती झाल्या हे ऐकल्याशिवाय माझाही दिवस सुरू झाल्यासारखा वाटेना.

शाळा नगरपालिकेची होती. तिचा नंबर आणि पेठ मुद्दामच लिहीत नाही. पुढे जे सांगायचंय त्यात दोष माझा आहे, शाळेचा नाही. संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझे वडील जुन्या दरबारच्या दफ्तरात कारकून होते. त्यांनी मला रूळ धरून कागद आखायला लहानपणीच शिकवलं होतं आणि माझं अक्षर छापल्यासारखं होतं. या दोन गुणांचा मला भारी गर्व होता. शिकवण्यात मी यथातथाच होतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आक्कांचं खरं नाव यमुनाबाई. मूळच्या नेसरीच्या, म्हणून नेसरीकर. लहानपणीच कपाळ पुसलं गेलं, भावानं कोल्हापुरात आणून शाळेत घातलं, सातवी पास झाल्या आणि मास्तरीण झाल्या. मला एवढंच माहीत आहे, तेही शाळेच्या शिपायाकडून. स्वतःबद्दल त्या बोलत नसत. अंगानं उंच, हाडापेरानं रुंद, करड्या रंगाचं नऊवारी लुगडं आणि पायात बाप्यांच्या जाड कातड्याच्या कापशी चपला. बायकी चपला दोन महिन्यांत फाटतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या चालत तेवढं चालल्यावर कुणाच्याही फाटल्या असत्या. त्या चपलांची करकर बोळाच्या तोंडाशी ऐकू आली की शाळेतली सगळी पोरं आपापल्या जागी जाऊन बसत, माझ्या वर्गातलीसुद्धा. माझ्या घंटेला कुणी जुमानत नसे.

आवाज असा की बोलल्या तरी भांडतायत असं वाटावं. त्यांच्याकडच्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दलही 'मी गेलतो, मी आलतो' असंच बोलत. माझ्या आईला ते ऐकून कसंसंच व्हायचं. पोराला शाळेतून काढायला बाप आला की त्याला त्या 'पावणं' म्हणायच्या, मग तो शेजारच्या गल्लीतला का असेना. पावणं म्हटल्यावर माणसाला बसावं लागे, पाणी प्यावं लागे, आणि पाणी पिऊन झालं की भांडणाची धार कमी झालेली असे. नकाशे ठेवायच्या कपाटात खालच्या खणात त्या फुटाण्यांचा डबा ठेवत. हजेरीच्या वेळी ज्यानं 'काय न्हाय खाल्लं' म्हटलं त्याला मुकाट्यानं मूठभर मिळायचे. हेडमास्तरांना हा डबा पसंत नव्हता, पण आक्कांना सांगायचं कुणी हा प्रश्न होता.

मला त्या 'धाकलं मास्तर' म्हणत. पहिल्या दिवसापासून अरेतुरे. "धाकलं मास्तर, अक्षर लई झ्याक हाय तुझं, पर पोरांच्याकडं बघून शिकीव की. फळ्याकडं तोंड करून कुणाला शिकिवतोस?" असं भर व्हरांड्यात त्या म्हणाल्या आणि पोरं हसली. मला राग आला होता. तो फार दिवस टिकला नाही. मात्र पुरता गेलाही नसावा, असं आज वाटतं.

आता हौसाचं सांगतो, कारण ही सगळी हकिकत तिच्याच भोवती फिरते. हौसा आक्कांच्या चौथीच्या वर्गात होती. बाप मारुती गुळाच्या बाजारात हमाल. अकरा वर्षांची पोरगी, हडकुळी, नाकात चमकी, वाचायला लागली की थांबायचं नाव नाही. तिच्या गल्लीतली एकही मुलगी चौथी पास झालेली नव्हती. दुसरीत, तिसरीत गळायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मारुती शाळेच्या दारावरून चालला होता, तेव्हा आक्कांनी त्याला व्हरांड्यातूनच हाक मारली. मी शेजारी उभा होतो.

"ओ पावणं! हौसाचं काय ठरीवलंसा?"

"काय ठरीवायचं, आक्का? अकरा सरलं. औंदा उजवून टाकतो."

"चौथी तर हूं दे की."

"चौथी करून काय कलेक्टर हुणार हाय व्हय ती?"

"न्हाय हुईना. पर तुझ्या गल्लीत चौथी झालेली एक पोरगी मला दाव. एक. मग मी गप बसतो."

मारुतीनं डोक्याचं मुंडासं काढून खांद्यावर टाकलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "बरं. चौथी पास झाली तर पाचवीला घालतो. न्हाय झाली तर मग तुमी लग्नात आडवं यायचं न्हाय. बोली झाली म्हणा."

"झाली," आक्का म्हणाल्या, आणि दोघांनीही आंबाबाईच्या देवळाच्या दिशेला हात जोडले. मला त्या वेळी तो गमतीचा भाग वाटला. आक्कांना वाटला नव्हता. वर्गात जाता जाता त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आता गुऱ्हाळं सुरू हुत्याल. तेवढंच भ्या."

आमच्या शाळेला उन्हाळ्या-पावसाळ्यापेक्षा गुऱ्हाळाचा मोसम जास्त जाणवायचा. ऊस तुटायला लागला की निम्मे आईबाप गावाबाहेर गुऱ्हाळांवर कामाला जात, तिथेच खोपटात राहत, आणि पोरंही सोबत नेत. वर्गात बाकं मोकळी पडायची. आम्ही तांबडी शून्यं काढत बसायचो. हजर पोराला काळी तिरकी रेघ, गैरहजराला तांबडं शून्य. माझ्या हजेरीपटावर त्या महिन्यांत तांबड्या शून्यांच्या सरळ रांगाच्या रांगा असत, आणि खोटं कशाला सांगू, त्या रांगा मला सुबक दिसायच्या.

आक्कांच्या पटावर शून्यं फार कमी. न आलेल्या पोराला त्या अकराला पेन्सिलीनं नुसतं टिंब देत. पोरगं दुपारी आलं तरी टिंबावर रेघ यायची. एवढं मला माहीत होतं आणि त्यात काही गैर वाटत नव्हतं. पण मारुती बायकामुलांसह गुऱ्हाळावर गेल्यानंतरही हौसाच्या नावापुढे आठवड्यात तीन-चार रेघा कशा येतात, हे मला कळेना. मी विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "काकवी खायाची हाय न्हवं तुला? मग उद्या तांबडं फुटायला पुलावर ये."

मी गेलो. थंडीनं दात वाजत होते. पंचगंगेचा पूल ओलांडून जोतिबाच्या वाटेनं आम्ही तासभर चाललो. मी चाललो म्हणजे आक्कांच्या मागून पळालो. गुऱ्हाळाचं धुराडं लांबूनच दिसलं. घाण्याचं इंजिन धडधडत होतं, काहिलीत रस उकळत होता, आणि बाहेरच्या रानात हौसा आणि आक्कांच्या वर्गातली आणखी तीन पोरं उसाची ओली चिपाडं उन्हाच्या जागेला पसरत होती. वाळली की तीच चुलवाणात जाळायची. आक्कांना बघून पोरांनी हात थांबवले नाहीत. हौसानं चिपाडं पसरत पसरतच सुरुवात केली, "शेण्या न्हाईत आक्का, चिपाडाच्या चार पाट्या. आन् कण्या खाल्ल्या." झाली हजेरी.

आक्का धोंड्यावर बसल्या. पोरं पाढे म्हणत होती आणि आक्का मधेच एखाद्याला अडवत होत्या. मग पाळीपाळीनं एकेकाला समोर बोलवून चुलवाणाच्या थंड राखेत बोटानं गणित घातलं. शेवटी हौसा पुस्तक घेऊन उभी राहिली आणि एका गोष्टीचा धडा वाचायला लागली. तिचा आवाज इंजिनावर चढत होता. काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या, म्हणजे गूळ काढणारा कसबी म्हातारा, हातातलं फावडं तसंच धरून ऐकत राहिला. धडा अर्ध्यावर आला आणि आक्का उठल्या, तेव्हा तो म्हणाला, "ओ बाई, म्होरं काय झालं त्या राजाचं? का उद्यापातूर जीव टांगून ठेवताय?"

"परवा येतो तवा सांगती हौसा," आक्का म्हणाल्या.

मला वडाच्या पानावर ऊन काकवी मिळाली. हौसानंच आणून दिली. परत येताना आक्का म्हणाल्या, "आता सांग, हौसा आज हजर का गैरहजर? पोरगी साळंत आली न्हाय हे खरं. पर साळा गेलती की तिच्याकडं."

"हजर," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. अकराच्या आत शाळेत पोचायचं म्हणून त्या झपाझप चालत होत्या आणि मी काकवीनं चिकट झालेले हात पुसत त्यांच्या मागे होतो. शाळेत आल्यावर त्यांनी माझ्यासमोर ती रेघ ओढली. या फेऱ्यांची बोट ठेवून दाखवावी अशी दुसरी खूण त्यांच्याकडे नव्हती. ती एक रेघ त्यांच्या सहा-सात मैलांची होती.

जानेवारीच्या सुमारास वरून कागद आला. मुंबईकडचे छापील नमुने तेव्हा नव्यानं येत होते. दिपोटी साहेबांना, म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना, आमच्या शाळेचा निकाल दरवर्षी मागे का पडतो ते समजून घ्यायचं होतं. म्हणून प्रत्येक मुलाचं नाव, जात, बापाचा धंदा, हजेरीचे दिवस आणि सहामाहीचे गुण असा मोठा तक्ता हवा होता. शेवटचा रकाना शेऱ्याचा. हेडमास्तरांनी तो माझ्याकडे दिला. अख्ख्या शाळेत असं काम दुसरं कोण करणार होतं?

पहिल्याच दिवशी अडचण आली. शाळेच्या जुन्या पटावर सगळ्यांच्या बापाचा धंदा एक तर शेती नाही तर मजुरी असा लिहिलेला. मी आक्कांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. कुणाचा बाप कातडी कमावतो, कुणाचा विटा भाजतो, कुणाची आई दळणं दळते, कोण घरात नांदत नाही, कुणाचा बाप तालमीत पडून असतो आणि आजी पोसते. आमच्या दोघांच्या मधल्या सुट्ट्या त्यात गेल्या. नुसत्या त्यांच्या वर्गाच्याच नव्हे, माझ्या वर्गातल्या पोरांच्या घरचंही त्यांनीच सांगितलं. मी मान खाली घालून लिहून घेत होतो.

"लिवलंस का? जात लिवलीस, धंदा लिवलास," त्या म्हणाल्या. "आन् पोर सकाळी किती वाजता उठतं ते कुठं लिवायचं?"

"तसा रकाना नाही आक्का."

"तो न्हाय तर मग साहेबाला काय कळणार? गणपा चारला उठतोय, म्हशींच्या मागं. त्याला दुपारी झोप येती. तुमी लिवणार बाप गवळी, गणित कच्चं."

मग त्यांनी गुऱ्हाळावरच्या पोरांचं सगळं सांगितलं, कोणत्या दिवशी कुठं गेल्या होत्या ते. आणि म्हणाल्या, "हे मातूर लिवू नगो. हे तुला म्हणून सांगतो."

तक्ता झाला. काळी, निळी, तांबडी आणि हिरवी अशी चार रंगांची शाई वापरून मी तो केला. तसा तक्ता मी पुन्हा आयुष्यात केला नाही, आणि आयुष्यभर मी तक्तेच केले. फक्त शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत मोकळा राहिला होता. तो मोकळा रकाना मला बघवेना. शिवाय एक गोष्ट खटकत होती. हौसा आणि तिच्यासारख्या तिघांचे हजेरीचे दिवस भरपूर, आणि धंद्यापुढे मात्र गुऱ्हाळावरची मजुरी. जो कुणी वाचेल त्याला हे जुळणार नाही, आणि तक्ता करणाऱ्यानं नीट पाहिलं नाही असं वाटेल. एका संध्याकाळी मी हिरव्या शाईनं त्या चार नावांपुढे लिहिलं, 'मोसमात गुऱ्हाळावर. हजेरी वर्गशिक्षिका तेथे जाऊन भरतात.'

पुष्कळ वर्षं मी स्वतःची अशी समजूत घालत आलो की ते मी आक्कांच्या कौतुकापोटी लिहिलं. निम्मं खरं आहे ते. उरलेलं निम्मं असं की, साहेबांनी तो तक्ता वाचावा आणि 'हा कुणी केला?' असं विचारावं, अशी माझी इच्छा होती. लिहू नकोस असं त्यांनी बजावलं होतं आणि मी लिहिलं. यात घोळ कसलाच नव्हता.

साहेब फेब्रुवारीत आले. शांत, चष्मेवाले, हळू बोलणारे गृहस्थ. तक्ता पाहून त्यांनी खरोखरच विचारलं, हा कुणी केला. हेडमास्तरांनी माझं नाव सांगितलं आणि मला कचेरीत बोलावलं. मी फुलून गेलो होतो. मग साहेबांचं बोट शेऱ्याच्या रकान्यावर थांबलं, आणि त्यांनी आक्कांनाही बोलावलं.

"बाई, ही मुलगी या दिवसांत शाळेत होती?"

"न्हवती."

"मग हजेरी?"

"मी गेलतो की तिच्याकडं. धडा घेटला, पाढं घेटलं. हिथं बसून घेटलं असतं तेवढंच घेटलं."

"याला आम्ही खोटी हजेरी म्हणतो."

"तुमी काय बी म्हणा. पोरीला वाचायला लावून बघा."

साहेबांनी हौसाला बोलवायला सांगितलं. पण हौसा त्या दिवशी शाळेत नव्हती. गुऱ्हाळावर होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते चिडले नव्हते, हे मला अजून स्वच्छ आठवतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी, शाळेतल्या कुणी, तिथं शिकवणं चाललेलं पाहिलंय का? तसं असेल तर मला काही विचार करता येईल. नाही तर हे दिवस मला कापावे लागतील, आणि दिवस कापले तर ही मुलं परीक्षेला बसू शकणार नाहीत."

आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "शेरा तुमच्या हातचा आहे. हे तुम्ही पाहिलंय की ऐकीव आहे?"

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. पाहिलंय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग इतके दिवस गप्प का बसलात? हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. आक्कांनीही एकदा बघितलं. मी टेबलावरच्या रुळाकडे नजर लावली.

"ऐकीव आहे, साहेब," मी म्हणालो.

आक्कांनी एवढंच म्हणायचं होतं, की हा माझ्याबरोबर आला होता, यानं काकवी खाल्ली, विचारा त्या गुळव्याला. कुणीही म्हटलं असतं. साहेबांनी त्यांना पुन्हा विचारलं, "बाई, आहे कुणी?"

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "कुणी न्हाय पायलं."

दिवस कापले गेले. कापायचं काम अर्थातच चांगल्या अक्षराच्या माणसाकडे आलं. हेडमास्तरांनी आक्कांचा हजेरीपट आणि तांबडी शाई माझ्यापुढे ठेवली. मी एकेक काळी रेघ खोडून तिच्या जागी शून्य काढत गेलो. त्यात मी गेलो होतो त्या दिवसाची रेघही आली. मी तीही खोडली.

त्या संध्याकाळी आक्का व्हरांड्यात भेटल्या. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, "तुमची नोकरी कच्ची हाय. कळलं मला." आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या मला अहो-जाहो करू लागल्या. धाकलं मास्तर हे नाव संपलं. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या, चारचौघांत पाणउतारा केला असता, तर मी त्याचं उत्तर तयार केलं असतं. अहो-जाहोला काय उत्तर द्यायचं?

परीक्षेच्या दिवशी चौथीची पोरं पाट्या-पुस्तकं घेऊन दुसऱ्या शाळेत, केंद्रावर, रांगेनं निघाली. गुऱ्हाळं आटोपली होती. हौसा केस चापूनचोपून, धुतलेलं परकर-पोलकं घालून आली आणि रांगेत उभी राहिली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की सांगूनही पटलं नव्हतं, मला माहीत नाही. आक्कांनी तिला हाताला धरून रांगेतून बाहेर घेतलं. पोरगी रडली नाही. "का आक्का? माझं समदं पाठ हाय की," एवढंच ती म्हणाली. रांग निघून गेली. मी रांगेच्या पुढे होतो. पोरांना केंद्रावर न्यायचं काम माझ्याकडे होतं.

पुढचं शिपायानं मला सांगितलं. आक्का त्याच संध्याकाळी मारुतीच्या घरी गेल्या आणि आणखी एक वर्ष मागितलं. मारुती म्हणाला, "आक्का, बोली चौथीची हुती."

"बसूच दिली न्हाय रं तिला."

"ते काय का असंना. झाली का चौथी?"

आक्का उठून आल्या. वैशाखात हौसाचं लग्न झालं. आजऱ्याकडचं कुठलंसं गाव, भाताची शेती. आक्का लग्नाला गेल्या होत्या, आडव्या आल्या नाहीत. बोली त्यांनी पाळली.

त्यांना त्या वर्षापासून बिगरीचा, म्हणजे अगदी लहान पोरांचा वर्ग दिला आणि पगारवाढ थांबवली. मला मात्र साहेबांच्या शिफारशीनं शाळा मंडळाच्या कचेरीत घेतलं. सुबक काम करणारा माणूस म्हणून पुढे माझं नाव झालं. कुठल्या पेठेत किती मुलं, कुठल्या जातीची, कुठल्या धंद्याची, कितवीत गळतात, हे मी वर्षानुवर्षं आखून देत राहिलो. माझ्या तक्त्यांवरून निर्णय होत. त्या निर्णयांनी कुणाचं काय झालं हे बघायला मी एकदाही बाहेर पडलो नाही.

बाहेर पडलो तो चार-पाच वर्षांनी, तेही कामामुळे. शाळेत न जाणाऱ्या मुलांची घरोघर जाऊन मोजणी करायची होती, आणि माझ्या वाट्याला नेमकी ती गल्ली आली. बदलून मागावी असं मनात आलं होतं. पण कारण काय सांगणार? सकाळी साडेदहाचा सुमार असेल. मारुतीचं घर मला दुसऱ्यानं दाखवावं लागलं नाही. दारात उभा राहून नाव पुकारणार, तेवढ्यात आतून आक्काच बाहेर आल्या.

त्या थकल्या होत्या. पाठ वाकली होती, केस पांढरे झाले होते. कडेवर एक शेंबडं पोर, एका हाताला आणखी एक, आणि दुसऱ्या हातानं त्या सहा-सात वर्षांच्या एका मुलीला दाराबाहेर ओढत होत्या. तिची एक वेणी घातलेली होती, दुसरी तशीच सुटी होती. नाक, डोळे, सगळं हौसाचं. तिची धाकटी बहीण असणार. मुलगी शेणानं भरलेले हात परकराला पुसत म्हणत होती, "आक्का, चारच शेण्या ऱ्हायल्यात. थापून येतो की."

"न्हाय. ऱ्हाऊं देत. चल."

मी वहीवर टाक धरून उंबऱ्यासमोर उभा होतो. गल्ली अरुंद, आणि वाट मी अडवली होती. आक्कांनी मला ओळखलं. मी मनात कितीतरी वर्षं घोळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आणलं.

"आक्का, त्या दिवशी मी साहेबांना—"

"वाट सोडा, मास्तर," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "अकराच्या आत न्हेली न्हाय तर पोरगी गैरहजर लागती."

मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. कडेवरचं पोर सावरत, त्या दोघांना ओढत, आक्का जवळजवळ पळत गेल्या.